मोहरीची राखण

बालमित्रांनो, परसात कोबी लावलाय? की त्याचा गड्डा न धरणारा भाऊ, केल? मग आईच्या मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर मोहरी मागून घ्या.

या दोघांच्या पानांची चाळण करते एक इवलीशी हिरवी अळी. तिचा पतंग पाठीवर चौकोनी ठिपके मिरवतो. कित्येक कीटकनाशकांना ती दाद देत नाही! पण या पतंगाला अंडी घालायला कोबीपेक्षा मोहरी अधिक आवडते. म्हणून रोपं लावण्याआधी १५ दिवस कडेने मोहरी पेरा. लावणीनंतर २५ दिवसांनी पुन्हा पेरा, कारण पहिली तोवर जून होते. शेतकरी कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी घेतात.

मात्र पेरून स्वस्थ बसाल तर फसाल हं! रोज मोहरीची पानं उलटून बघा. अळ्या दिसल्या, की पानं तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. नाहीतर त्याच अळ्या कोबीवर चाल करून जातील.