जुन्या मोटरसायकलचा पुढचा डिस्क ब्रेक

दुचाकीवर डिस्क ब्रेक कारखान्यातून मोठ्या संख्येने आला तो 1962 च्या लॅम्ब्रेटा टीव्ही 175 स्कूटरवर, आणि तोही केबलने ओढला जाणारा. ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारी डिस्क सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेली 1969 च्या होंडा सीबी 750 ने. मग ब्रिटिश कारखान्यांना जाग आली. नॉर्टन कमांडोला 1972 मध्ये आणि ट्रायम्फ बॉनव्हिलला 1973 मध्ये पुढे डिस्क मिळाली. भारतात मात्र उलटी गंगा वाहिली. यामाहाच्या मूळ आरडी 350 बी गाडीला पुढे डिस्क होती, पण तिच्यावरून 1983 पासून इथे निघालेल्या राजदूत 350 ला ड्रमच बसवले गेले.

या गाड्यांच्या ब्रेकबद्दल मालकांची तक्रार बहुधा एकच असते: लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो आणि गाडी मात्र थांबत नाही. अशा वेळी नवा कॅलिपर घेण्याकडे ओढा असतो, पण दोष क्वचितच तिथे असतो. पन्नास वर्षांची रबरे, पाणी प्यायलेले ऑइल आणि मूळ आराखड्यातला मास्टर सिलिंडर या तिघांची आधी चौकशी करावी.

डॉट 3 आणि डॉट 4 ही ऑइले हवेतला दमटपणा शोषतात. ताज्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले की ही मर्यादा 155 अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबून उतरताना असे ऑइल उकळते, त्यात वाफ होते आणि लिव्हर मुठीला टेकतो. हेच पाणी आतून सिलिंडर आणि पिस्टन गंजवते. म्हणून गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. सिलिकॉनचे डॉट 5 या ऑइलांत कधीही मिसळू नये. ऑइल रंग खाते, त्यामुळे कामाआधी टाकीवर जाड कापड घालावे.

लिव्हर सोडल्यावरही चाक जाम राहत असेल, तर दोष कुठे आहे ते एका पान्याने शोधता येते. पुढचे चाक उचलून ब्रेक दाबावा आणि सोडावा. मास्टर सिलिंडरकडचा होजचा बोल्ट किंचित सैल करावा. चाक सुटले, तर मास्टर सिलिंडरमधले परतीचे छिद्र बुजले आहे. ते इतके बारीक असते की गाळाचा कण त्याला पुरतो. ते मोकळे करायला एक बारीक तार लागते. चाक सुटले नाही, तर कॅलिपरचा निपल उघडावा. आता सुटले, तर होजचे आतले अस्तर सुजून बंद झाले आहे: दाबताना ऑइल पुढे जाते, परत येत नाही. तरीही सुटले नाही, तर पिस्टन अडकला आहे.

पिस्टन मागे घेण्याचे काम कोणतीही स्प्रिंग करत नाही. ते चौकोनी छेदाचे रबर करते. दाबाखाली ते पिस्टनबरोबर जरासे पिळते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. रबराच्या खाचेत गंज साचला की ते पिळूच शकत नाही. नुसते नवे किट टाकून हा दोष जात नाही. खाच खरवडून धातूपर्यंत साफ करावी लागते. गंजाने खड्डे पडलेला पिस्टन पॉलिश करू नये, तिथे स्टेनलेस स्टीलचा बसवावा. रबर लावताना ताजे ब्रेक ऑइल किंवा खास रबर ग्रीसच वापरावे. पेट्रोल आणि साध्या ग्रीसने रबर फुगते. जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

लिव्हर स्पंजी लागणे हे आत हवा असल्याचे लक्षण आहे. ब्लीडिंग करूनही ती गेली नाही, तर ती बहुधा मास्टर सिलिंडरकडच्या बोल्टपाशी, सर्वांत उंचावर अडकलेली असते. लिव्हर रात्रभर मुठीला बांधून ठेवल्याने ती हळूहळू वर निघून जाते. लिव्हर धडधडत असेल, तर डायल गेजने डिस्क तपासावी. सुमारे 0.3 मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडेपणा चालत नाही.

हे सगळे झाल्यावरच सुधारणेचा विचार करावा. कमांडोचे उदाहरण इथे बोलके आहे. तिचा मास्टर सिलिंडर 5/8 इंच, म्हणजे 15.9 मिलिमीटर व्यासाचा होता. त्याला स्लीव्ह घालून 13 मिलिमीटर करणे ही नॉर्टनवाल्यांची लाडकी सुधारणा आहे. त्याने पिस्टनचे क्षेत्रफळ 198 वरून 133 चौरस मिलिमीटरवर येते आणि हाताच्या तेवढ्याच जोरात ऑइलवर दीडपट दाब पडतो. फुकट मात्र काही मिळत नाही: लिव्हरचा प्रवासही दीडपट होतो. जुना फुगरा होज तसाच ठेवला, तर लिव्हर मुठीला टेकेल. म्हणून स्टीलच्या जाळीचा होज आधी, स्लीव्ह नंतर.

दोन डिस्क लावायच्या, तर हाच हिशेब उलटा फिरतो. कॅलिपर दुप्पट झाल्यावर ऑइलही दुप्पट लागते, तिथे 13 मिलिमीटर अपुरा पडतो आणि मूळचा 5/8 इंचीच योग्य ठरतो. शिवाय फोर्कच्या दुसऱ्या पायावर कॅलिपर बसवायला जागा आणि हबवर डिस्क अडकवायला सोय हवी. राजदूतच्या ड्रमच्या हबवर आणि फोर्कवर यांपैकी काहीच नाही, त्यामुळे तिथे डिस्क हवी असेल तर फोर्क, हब आणि कॅलिपर हा संपूर्ण संच बदलावा लागतो.

नवे पॅड डिस्कवर पूर्ण टेकायला वेळ लागतो. सुरुवातीला मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हळूहळू, थोडा वेळ थांबत, ब्रेक लावावा. डिस्क तापलेली असताना लिव्हर दाबून उभे राहू नये. पॅडचा थर एकाच जागी चिकटतो आणि पुन्हा धडधड सुरू होते.