अ‍ॅन क्लिफर्डचे वतन

इंग्लंडच्या राजदरबारातील स्त्रियांविषयी आपल्याकडे जे वाचले जाते ते बहुधा राण्यांच्या विवाहांपाशी आणि वधस्तंभापाशीच संपते. परंतु अनेक वर्षे या विषयाचा नाद लागल्यावर माझे मन ज्या स्त्रीपाशी स्थिरावले, ती होती पहिल्या जेम्स राजाच्या दरबारातील सरदारकन्या लेडी अ‍ॅन क्लिफर्ड. स्किप्टनच्या किल्ल्यात 1590 मध्ये जन्म, सॅम्युएल डॅनियल या कवीजवळ शिक्षण, राणीच्या नृत्यनाट्यांत सहभाग आणि 1609 मध्ये रिचर्ड सॅकव्हिल या उमद्या परंतु उधळ्या तरुणाशी, म्हणजे लवकरच डॉर्सेटचा अर्ल झालेल्या सरदाराशी विवाह, एवढी पार्श्वभूमी पुरे.

तिचा पिता जॉर्ज, कंबरलंडचा अर्ल, याच्यापाशी मात्र मराठी वाचकाने थोडे थांबावे. ईस्ट इंडिया कंपनीच्या 1600 च्या सनदेत पहिले नाव त्याचे आहे, आणि त्याने बांधून घेतलेले जहाज ‘रेड ड्रॅगन’ या नावाने कंपनीच्या ताफ्यात जाऊन 1612 मध्ये सुरतेजवळ सुवाळीला पोर्तुगीजांशी लढले. समुद्रावरील मोहिमांत कर्जबाजारी झालेला हा दर्यावर्दी 1605 मध्ये वारला, तेव्हा त्याने सारी जहागीर भावाच्या नावे करून एकुलत्या कन्येसाठी 15,000 पौंड ठेवले होते. वस्तुतः दुसऱ्या एडवर्डच्या काळापासून त्या वतनाचा वारसा पुत्र असो वा कन्या, वंशातील थेट वारसाकडे जावा अशी तजवीज होती, आणि अ‍ॅनच्या आईने, मार्गारेटने, जुनी दफ्तरे धुंडाळून या तजविजीचे दाखले जमवले होते.

पतीला मात्र वतनापेक्षा रोकड हवी होती. अ‍ॅनची 1616 ते 1619 ची रोजनिशी मी पुनःपुन्हा वाचतो ती या वतनाच्या तंट्यासाठी. जानेवारी 1617 मध्ये राजाने उभयतांना बोलावून निवाडा आपल्यावर सोपवण्यास सांगितले. पती तत्काळ कबूल झाला, पण वतनातले वेस्टमोरलंड जिवंत असेतो सोडणार नाही, असे अ‍ॅनने गुडघे टेकलेल्या स्थितीतच सांगितले. दोन दिवसांनी चुलता, वकील आणि दरबारी यांच्यादेखत राजा संतापला, तरी ती ढळली नाही. राजावर सर्वस्वी विसंबू नकोस, असे तिला राणीनेच बजावले होते! निवाडा अर्थातच चुलत्याच्या बाजूने झाला. आदल्या वर्षी तर तिच्यावर दडपण आणण्यासाठी पतीने दोन वर्षांचीही न झालेली मुलगी तिच्यापासून दूर नेली होती. त्याच रोजनिशीत, त्या मुलीच्या झग्याला धरून चालवण्यासाठी लावलेले बंद आपण 1 मे 1617 रोजी कापले, ती दोन-तीनदा पडली पण तिला लागले नाही, अशीही नोंद आहे. माझ्या मते या एका नोंदीत त्या काळच्या मातेचे जे दर्शन घडते, ते दरबारी पत्रव्यवहाराच्या गठ्ठ्यांत घडत नाही.

चुलत्याचा पुत्र निपुत्रिक वारला आणि 1643 मध्ये, 53 व्या वर्षी, वतन अ‍ॅनकडे आले. पुढे उत्तरेस जाऊन तिने स्किप्टन, ऍपलबी, ब्रूम, ब्रफ व पेंड्रॅगन हे किल्ले दुरुस्त केले, ऍपलबीला निराधार विधवांसाठी आश्रम बांधला आणि 1676 मध्ये ब्रूमच्या किल्ल्यातच देह ठेवला.

आईशी 2 एप्रिल 1616 रोजी जेथे शेवटची भेट झाली, तेथे पेनरिथजवळच्या हमरस्त्यालगत तिने 1656 मध्ये उभारलेला स्तंभ मी पाहिला आहे: वर छायायंत्रे व कुलचिन्हे, शेजारी बुटका दगडी चौथरा. सरोवरांचा तो रम्य प्रदेश पाहावयास जाणाऱ्या मराठी प्रवाशाने वाकडी वाट करून तेथे अवश्य जावे; दर 2 एप्रिलला गरिबांना वाटावयाचे 4 पौंड तिने त्याच चौथऱ्यावर ठेवण्याची व्यवस्था लावून दिली होती.