स्वनिर्मित सीएनसी प्लाझ्मा कटिंग टेबल

स्वनिर्मित सीएनसी प्लाझ्मा कटिंग टेबल म्हणजे तयार यंत्र विकत न घेता, लोखंडी सांगाडा आणि बाजारात मिळणारे सुटे भाग जुळवून वर्कशॉपमध्येच उभारलेले, संगणकाच्या आज्ञेनुसार धातूचे पत्रे कापणारे यंत्र होय. प्लाझ्मा टॉर्च हे त्याचे हत्यार असते. ही टॉर्च गॅन्ट्रीवर बसवून लांबी, रुंदी आणि उंची अशा तीन अक्षांवर मोटारींच्या साहाय्याने फिरवली जाते. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे व चाकण या औद्योगिक पट्ट्यात फॅब्रिकेशनची कामे करणाऱ्या लहान वर्कशॉपांना आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना असे टेबल विशेष उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर या भागात वाहन उद्योग वाढला आणि त्याला सुटे भाग पुरवणारी वर्कशॉपेही वाढली. पुढे हा विस्तार खेड तालुक्यातील चाकणपर्यंत पोचला. मोठ्या कारखान्यांना लागणारे स्टँड, ट्रॉल्या, रॅक, यंत्रांची आवरणे आणि फिक्श्चर यांचे बहुतेक काम जॉबवर्क म्हणून लहान वर्कशॉपांकडे येते.

या वर्कशॉपांमध्ये पत्रा कापण्यासाठी दीर्घकाळ गॅस कटिंग वापरले जात होते. जाड प्लेटसाठी रुळावर चालणारी पग कटिंग मशीन असे. ऑक्सिजनच्या ज्योतीने पोलाद कापताना प्रत्यक्षात लोखंड जळते. त्यामुळे ही पद्धत साध्या पोलादापुरतीच चालते. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे ऑक्साइड मूळ धातूपेक्षा अधिक तापमानाला वितळत असल्याने ज्योत तेथे निष्प्रभ ठरते. प्लाझ्माला ही अडचण नाही. वीज वाहणारा कोणताही धातू तो कापतो.

प्लाझ्मा कर्तनाचे तंत्र १९५० च्या दशकात अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीत विकसित झाले. रॉबर्ट गेज यांच्या संशोधनाला १९५७ मध्ये पेटंट मिळाले. संख्यात्मक नियंत्रणावर चालणाऱ्या मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ मध्ये दाखवले होते. ही दोन तंत्रे एकत्र येऊन कारखान्यांत स्थिरावली, तरी घरी यंत्र बनवणे खऱ्या अर्थाने शक्य झाले ते एकविसाव्या शतकात, मुक्त स्रोत नियंत्रण प्रणाली आणि स्वस्त स्टेपर मोटारी उपलब्ध झाल्यावर.

यंत्रे स्वतः बनवण्याची परंपरा या परिसराला नवी नाही. खेडला लागून असलेल्या शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि काम करता करता शिकण्यावर शिक्षणाची मांडणी केली. अमेरिकेबाहेर स्थापन झालेल्या पहिल्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये याच आश्रमात उभी राहिली.

कार्यतत्त्व

टॉर्चमध्ये तांब्याचा इलेक्ट्रोड आणि त्याभोवती बारीक छिद्राचे तांब्याचे नोझल असते. इलेक्ट्रोडच्या टोकाशी हॅफनियम धातूचा लहानसा खडा बसवलेला असतो. दाबाखालची हवा या पोकळीत भोवऱ्याप्रमाणे फिरत शिरते आणि विद्युत चापाने आयनीभूत होते. हा प्लाझ्मा हजारो अंश सेल्सिअस इतका तप्त असतो. तो पत्रा वितळवतो आणि हवेचा झोत वितळलेला धातू खाली उडवून लावतो.

हवेच्या या फिरण्याचा एक परिणाम आकृती काढताना लक्षात ठेवावा लागतो. टॉर्च ज्या दिशेने जाते तिच्या उजव्या बाजूची कड अधिक काटकोनी येते. म्हणून नेहमीच्या टॉर्चने बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि आतील छिद्रे उलट दिशेने कापतात, म्हणजे जॉब दोन्ही वेळा उजवीकडे राहतो.

सांगाडा व हालचाल

सांगाडा चौकोनी पाइप किंवा चॅनेल जोडून करतात. चार बाय आठ फुटांची ६ मिमी जाडीची प्लेट सुमारे १४० किलो भरते. सव्वा मीटर बाय अडीच मीटरच्या ट्रेमध्ये ७५ मिमी पाणी भरल्यास त्याचे वजन आणखी सुमारे २३५ किलो होते. टॉर्च पत्र्याला टेकत नसल्याने कापताना सांगाड्यावर जवळजवळ ताण येत नाही, पण हा पावणेचारशे किलोंचा भार मात्र कायम असतो. त्यामुळे पत्रा पेलणारा भाग आणि गॅन्ट्रीचे रूळ पेलणारा भाग वेगळे ठेवणे शहाणपणाचे ठरते. प्लेट आदळली तरी रूळ हलत नाहीत.

वेल्डिंगने सांगाडा ओढला जातो. आधी सर्व सांधे टॅक करून, कर्ण मोजून, मगच समोरासमोरचे सांधे आलटून पालटून पक्के करतात. दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकट काटकोनात आहे असे समजावे. एवढ्या मोठ्या चौकटीला गुण्या पुरेसा नाही. त्याच्या टोकाशी न दिसणारी चूक अडीच मीटरवर कित्येक मिलिमीटरची होते.

गॅन्ट्री हलवण्यासाठी रॅक-पिनियन हा सर्वांत रुळलेला पर्याय आहे. मॉड्यूल १ आणि २० दात असलेला पिनियन एका फेऱ्यात ६२.८३ मिमी पुढे जातो. मोटार आणि पिनियन यांच्यात बेल्टने तीनास एक असे प्रमाण ठेवले, तर मोटारीच्या एका फेऱ्यामागे २०.९४ मिमी अंतर पडते. स्टेपर मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात. ड्रायव्हरने प्रत्येकाचे आठ भाग केल्यास १,६०० होतात. म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला सुमारे ७६ स्पंद मिळतात. मिनिटाला पाच मीटर वेगासाठी सेकंदाला साधारण ६,४०० स्पंद पुरतात आणि साधा मायक्रोकंट्रोलरही ते सहज देऊ शकतो.

वेगापेक्षा त्वरण अधिक महत्त्वाचे असते. पातळ पत्रा कापताना टॉर्च कोपऱ्यावर मंदावली की तेथे जास्त धातू वितळतो, कोपरा गोल होतो आणि खाली स्लॅग चिकटते. जड गॅन्ट्री आणि अशक्त मोटार ही जोडी म्हणूनच टाळावी. गॅन्ट्रीला दोन्ही बाजूंनी मोटार देणे खर्चिक वाटले तरी आवश्यक आहे. एकाच बाजूने ओढलेली गॅन्ट्री तिरपी होते.

जुने चॅनेल, मोटारी आणि लिनियर गाइड यांसाठी चिखलीजवळील कुदळवाडीचा भंगार बाजार अनेक वर्षे प्रसिद्ध होता. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये तेथील अनधिकृत बांधकामांवर मोठी कारवाई केली, त्यात भंगाराची गोदामे आणि लहान वर्कशॉपेही गेली. भंगारातील गाइड घेताना ठोकळा हाताने पूर्ण लांबीवर सरकवून पाहतात. मध्येच अडकणारा गाइड कितीही स्वस्त असला तरी महाग पडतो.

नियंत्रण

आकृती लिब्रेकॅड, फ्रीकॅड किंवा इंकस्केपमध्ये काढली जाते. तिचे जी-कोडमध्ये रूपांतर करताना टॉर्चच्या मार्गाला चिरेच्या निम्म्या रुंदीने बाजूला सरकवावे लागते. चीर दीड मिमी असेल तर मार्ग ०.७५ मिमी बाहेर हवा. छेद सुरू होणारा बिंदू नेहमी टाकाऊ भागात घेतात, कारण तेथे खड्डा पडतो. यंत्र चालवण्यासाठी आर्डुइनोवरील जीआरबीएल, संगणकावरील माक ३ किंवा लिनक्ससीएनसी या प्रणाली वापरतात. यांपैकी लिनक्ससीएनसीमध्ये प्लाझ्मासाठी खास व्यवस्था आहे.

टॉर्चची उंची

स्वनिर्मित टेबलाचे यश किंवा अपयश बहुधा येथेच ठरते. नोझल आणि पत्रा यांतील अंतर कापताना सुमारे दीड मिमी असावे लागते, पण उष्णतेने पत्रा फुगतो आणि वाकतो. टॉर्च पत्र्यावर घासली तर नोझल जाते. दूर गेली तर कड तिरपी येते.

यावरचा उपाय चापाच्या व्होल्टतेत आहे. चाप जितका लांब तितकी त्याची व्होल्टता जास्त. ही व्होल्टता शंभर व्होल्टांच्या वर असल्याने ती रोधकांच्या विभाजकातून कमी करून, विद्युतदृष्ट्या विलग करून, नियंत्रकाला देतात. व्होल्टता ठरलेल्या मूल्यापेक्षा वाढली की नियंत्रक टॉर्च खाली आणतो, घटली की वर नेतो.

मात्र कोपऱ्यावर हीच युक्ती उलटते. टॉर्च मंदावली की चीर रुंद होते, चापाला धातूपर्यंत पोचण्यासाठी ताणावे लागते आणि व्होल्टता वाढते. नियंत्रकाला वाटते की टॉर्च वर गेली. तो तिला खाली दाबतो आणि ती पत्र्यात घुसते. छिद्रावरून जातानाही असेच घडते. त्यामुळे वेग ठरलेल्या मर्यादेखाली आला की उंची नियंत्रण तात्पुरते गोठवण्याची सोय हवीच.

प्रत्येक छेदापूर्वी टॉर्च पत्र्याला हलकेच टेकवून शून्य उंची शोधली जाते. त्यानंतर ती कापण्याच्या उंचीच्या दीड ते दोन पट वर नेऊन छेद पाडतात आणि मग खाली आणतात. थेट खालच्या उंचीवर छेद पाडल्यास वर उसळणारा वितळलेला धातू नोझलचे छिद्र बुजवतो.

वीज, हवा आणि हस्तक्षेप

काही प्लाझ्मा यंत्रे चाप पेटवण्यासाठी उच्च वारंवारतेची ठिणगी वापरतात. या ठिणगीने नियंत्रक बंद पडणे, मोटारी आपोआप सरकणे असे प्रकार होतात. हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकून चाप पेटणारी यंत्रे सीएनसीसाठी बरी. टेबलासाठी स्वतंत्र अर्थिंग, आवरण असलेल्या तारा, आणि टॉर्चच्या केबलपासून मोटारींच्या तारा दूर ठेवणे या गोष्टी तरीही कराव्याच लागतात.

यंत्रावर लिहिलेली ड्यूटी सायकल दहा मिनिटांच्या हिशोबात असते. ६० टक्के म्हणजे सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विश्रांती. हाताने कापताना ही मर्यादा क्वचितच जाणवते, सीएनसीवर मात्र लगेच गाठली जाते. सुमारे ४५ अँपिअरच्या टॉर्चला मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास हवा लागते. ती कोरडी असणे अत्यावश्यक आहे. पावसाळ्यात हवेतील बाष्प कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी होऊन साचते, टॉर्चपर्यंत पोचते आणि इलेक्ट्रोड निम्म्या आयुष्यात संपवते. टाकी रोज रिकामी करणे आणि टॉर्चजवळ शोषक गाळणी बसवणे यासाठी येणारा खर्च वाचलेल्या नोझलांतून लवकर भरून निघतो.

सुरक्षितता

चापातून तीव्र अतिनील किरण निघतात. योग्य काळी काच न लावता पाहिल्यास डोळे येतात. टेबलाखालचा पाण्याचा ट्रे ठिणग्या आणि धूळ बऱ्याच अंशी अडवतो, परंतु धूर बाहेर काढणारा पंखा तरीही हवा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याच्या धुरातील झिंक ऑक्साइडने थंडी-तापासारखी लक्षणे दिसतात, तर स्टेनलेस स्टीलच्या धुरात कर्करोगास कारण ठरणारे षट्संयुजी क्रोमियम असते.

अ‍ॅल्युमिनियमचा धोका वेगळा आहे. त्याचे बारीक कण ट्रेच्या तळाशी पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रोजन सोडतात. प्लेटखाली साचलेला हा वायू पुढच्या ठिणगीला पेटू शकतो. त्यामुळे अ‍ॅल्युमिनियम कापल्यावर तळाचा गाळ काढून टाकतात आणि ट्रेवर प्लेट रात्रभर ठेवत नाहीत. पावसाळ्यात वापर नसेल तेव्हा ट्रे रिकामा ठेवणे डासांच्या दृष्टीनेही इष्ट.

आपत्कालीन बंद बटण सॉफ्टवेअरवर विसंबून नसावे. त्याने मोटारींचा पुरवठा आणि टॉर्चचा चाप दोन्ही थेट तोडले पाहिजेत. लिमिट स्विच साधारणपणे बंद अवस्थेतील प्रकारचे घेतात, म्हणजे तार तुटली तरी यंत्र थांबते.

उपयोग व मर्यादा

गसेट, बेसप्लेट, फ्लँज, गेटची नक्षी, नावाच्या पाट्या अशी कामे या टेबलावर उत्तम होतात. बाहा स्पर्धेच्या वाहनासाठी ब्रॅकेट कापणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते सोयीचे पडते. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान व्यासाची छिद्रे मात्र निमुळती येतात. ती ड्रिलने पाडावीत. बोल्टचे बसणे महत्त्वाचे असेल तेथे प्लाझ्माने फक्त केंद्रबिंदूची खूण करून घेणे हा वर्कशॉपमधला रूढ उपाय आहे.

पातळ पत्र्यात फायबर लेझरने अचूकता आणि वेग या दोन्ही बाबतींत प्लाझ्माला मागे टाकले आहे. चाकण-भोसरी पट्ट्यात लेझरवर जॉबवर्क सहज करून मिळते, त्यामुळे वर्षातून दोन-चारदाच पत्रा कापावा लागणाऱ्याने टेबल बांधण्यात आर्थिक लाभ नाही. रोज ६ ते १२ मिमी प्लेट लागणाऱ्या आणि एका तुकड्यासाठी दोन दिवस थांबणे न परवडणाऱ्या वर्कशॉपचा हिशोब वेगळा असतो.