मणी, दोरा आणि खिडकीचा उजेड

मण्यांचे दागिने घरी ओवायचे, घरातच त्यांचे फोटो काढायचे आणि फोनवरून विकायचे, हा गृहोद्योग मुंबईच्या उपनगरांत चांगला रुजला आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड इथल्या दीड-दोन खोल्यांच्या घरांना तो परवडतो. त्याला गाळा लागत नाही, यंत्र लागत नाही आणि साहित्य एका डब्यात मावते. ओवण्याचे कसब मराठी घरांना नवे नाही. नवा आहे तो फोटो. फोनवरचे गिऱ्हाईक दागिना हातात घेऊ शकत नाही. रंग, लांबी, वजनाचा अंदाज आणि हाताची सफाई हे सगळे त्याला चित्रातूनच कळते. त्यामुळे खरा फोटो काढणे हे मणी निवडण्याइतकेच या धंद्याचे मुख्य काम झाले आहे.

मण्यांची जुनी वाट

महाराष्ट्रात मणी घडवण्याचा इतिहास अश्मयुगापर्यंत जातो. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. सातवाहन काळात तेर, पैठण, भोकरदन, नेवासे या ठिकाणी काच, अकीक, शंख अशा अनेक पदार्थांचे मणी वापरात होते. प्राचीन मण्यांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचे नाव अग्रक्रमाने येते. कोरीव नक्षीच्या मण्यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४९मध्ये आणि भारतीय काचेचा इतिहास १९६९मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबई शहर तर मोत्यांचीच पेठ होते. इराणी आखातातून निघणारे मोती एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इथे येत, निवडले जात, भोके पाडून ओवले जात आणि पुढे युरोपला जात. जपानी संवर्धित मोत्यांनी आणि १९३०च्या सुमाराच्या मंदीने हा व्यापार बसला. पण ‘बसरा मोती’ हे नाव नथीच्या आणि तन्मणीच्या संदर्भात मराठी घरांत टिकून राहिले.

मराठी दागिन्यांपैकी कितीतरी मुळात मण्यांचेच आहेत. मंगळसूत्राची काळी पोत, बारीक सोनेरी मणी दाटीने बसवलेली ठुशी, बोरांच्या आकाराच्या मण्यांची बोरमाळ, मोत्यांची चिंचपेटी, तन्मणी आणि नथ ही त्यांतली ठळक नावे. सोनार धातू घडवी आणि पटवेकरी रेशमी दोऱ्यात दागिना गाठवून त्याला गोंडा लावी. आज घरी बसून दागिने करणारी बाई पटवेकऱ्याचेच काम करते. फरक एवढाच की तिला ते विकावेही लागते.

माल कुठून येतो

उपनगरातल्या कारागिरांची मोठी खरेदी अजून दक्षिण मुंबईत, भुलेश्वरच्या गल्ल्यांत होते. मणी तिथे लडीवर किंवा वजनावर मिळतात. हूक, जोडकड्या, आयपिन, हेडपिन, गिअर वायर, गोंडे असे सुटे साहित्यही मिळते. मालाड हे इमिटेशन दागिन्यांच्या निर्मितीचे उपनगरातले मोठे केंद्र आहे. तिथे खडे चिकटवणे, मणी ओवणे अशी कामे नगावर मजुरी देऊन घरोघरी वाटली जातात. अंधेरी पूर्वेचे ‘सीप्झ’ १९७३मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सुरू झाले आणि पुढे रत्ने व दागिन्यांच्या निर्यातीसाठी ओळखले जाऊ लागले. अशा रीतीने एकाच पट्ट्यात दागिन्यांचे तीन थर नांदतात: निर्यातीचे कारखाने, नगावरची मजुरी आणि स्वतःच्या नावाने विकणारे घरगुती कारागीर. तिसऱ्या थरात कष्ट दुसऱ्याइतकेच असतात, पण किंमत स्वतः ठरवता येते.

बारीक काचमण्यांच्या मापात नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो, कारण आकडा वाढला की मणी लहान होतो. ८ नंबरचा मणी सुमारे ३ मिलिमीटरचा, ११ नंबरचा सुमारे २ मिलिमीटरचा आणि १५ नंबरचा त्याहून बारीक. ११ नंबरचे साधारण १८ मणी एका इंचात बसतात, म्हणजे १८ इंची एका सराला सव्वातीनशेच्या आसपास मणी लागतात. जपानी आणि झेक मणी मापाला एकसारखे असल्याने विणीच्या कामात सरळ बसतात. स्वस्त मण्यांत जाडबारीकपणा असतो. ते आधी निवडून घ्यावे लागतात आणि त्या निवडण्याचा वेळ किमतीत धरावा लागतो.

ओवणी आणि बांधणी

दोरा मण्याच्या भोकावर आणि वजनावर ठरतो. मोत्यांना रेशीम किंवा नायलॉन, जड दगडी मण्यांना गिअर वायर, हातातल्या कड्यांना ताणला जाणारा इलॅस्टिक दोरा. चांगल्या मोत्यांच्या सरात दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारतात. त्यामुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर सगळा सर विखरत नाही. काचेच्या मण्यांच्या भोकाची कड धारदार असते, म्हणून तिथे साधा शिवणाचा दोरा टिकत नाही.

दागिना बहुधा मधे तुटत नाही, टोकाला सुटतो. गिअर वायरवर दाबायचा मणी पकडीने नीट दाबलेला नसेल, किंवा जोडकडीची तोंडे पुरती जुळली नसतील, तर हूक निसटतो. जोडकडी बाजूला ओढून उघडली की तिचा गोल बिघडतो. दोन चिमट्यांनी एक टोक पुढे आणि एक मागे वळवून ती उघडायची आणि त्याच रीतीने मिटायची असते. कानातल्यांच्या तारेत निकेल असेल तर काहींच्या कानाला खाज सुटते, म्हणून तार कोणत्या धातूची आहे हे विक्रेत्याला माहीत असावे लागते. मुंबईच्या दमट, खारट हवेत पितळ आणि जर्मन सिल्व्हर लवकर काळवंडते. तयार माल झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

डब्यातून फोनवर

फोनच्या आधी उपनगरातल्या बाईची दागिन्यांची पेठ लोकलच्या महिला डब्यात होती. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली मार्गावर महिला विशेष लोकल सुरू झाली. अशा डब्यांतून कानातली, माळा, केसांच्या पिना विकणाऱ्या बायका नोकरदार बायकांच्या ओळखीच्या झाल्या, जरी १९८९च्या रेल्वे कायद्याने विनापरवाना फेरीविक्री गुन्हा ठरते. या पेठेचे बळ स्पर्शात होते. गिऱ्हाईक माळ ओढून बघे, डूल कानाशी धरून शेजारणीला विचारी आणि मगच पैसे काढी. दिवाळीच्या आधी उपनगरांतल्या सभागृहांत भरणाऱ्या ग्राहकपेठांतही हीच रीत आहे.

२०१६मध्ये यूपीआय आले आणि २०१८मध्ये व्हॉट्सॲप बिझनेस. पुढच्याच वर्षी त्यात वस्तूंची सूची लावण्याची सोय झाली, आणि संकेतस्थळाशिवायही दुकान मांडता येऊ लागले. फ्लिपकार्टने २०१९मध्ये कारागिरांसाठी ‘समर्थ’ उपक्रम सुरू केला. मागणीचे वेळापत्रक मात्र पंचांगाचेच राहिले. श्रावणात मंगळागौरीसाठी पारंपरिक दागिने, भाद्रपदात गौरीचे अलंकार, नवरात्रात रोजच्या रंगाशी जुळणाऱ्या माळा, दिवाळीत भेटवस्तू, मग लग्नसराई.

हलव्याचे दागिने

या वेळापत्रकात पौषाची जागा खास मराठी आहे. संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाच्या बाळाला घालायचे हलव्याचे दागिने म्हणजे साखरेच्या मण्यांचे दागिनेच. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर परातीत घेऊन त्यावर पाकाचे थोडे थोडे थेंब सोडत, हाताने सतत हलवत राहिले की दाण्यावर साखरेचे थर चढतात आणि काटे फुटतात. हे काम काही दिवस चालते. कोरड्या थंड हवेत काटा चांगला येतो. तयार हलवा दोऱ्यात गुंफून किंवा जरीच्या फितीवर बसवून हार, बांगड्या, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, बाळासाठी मुकुट आणि बासरी असे प्रकार होतात.

ऑनलाइन विक्रीने या मोसमी कामाला परदेशातली मराठी घरे जोडली. तिथे जाणारा माल संक्रांतीच्या बराच आधी तयार व्हावा लागतो आणि साखर ओलावा धरते, म्हणून पॅकिंग हवाबंद लागते. फोटोसाठीही हा दागिना अवघड आहे. पांढरा हलवा काळ्या चंद्रकळेवर मांडला की फोनचा कॅमेरा गडद पार्श्वभूमी बघून चित्र उजळ करतो आणि काटे पांढऱ्या ठिपक्यांत विरून जातात. तिथे उजळपणा कमी करावा लागतो. उजेड समोरून न घेता बाजूने, खालच्या कोनातून घेतला की प्रत्येक काट्याची बारीक सावली पडते आणि हलव्याचा पोत दिसतो.

उजेडाचे गणित

हलव्याच्या उदाहरणातला नियम सगळ्या दागिन्यांना लागू आहे. कॅमेरा समोरचे दृश्य मध्यम करड्या उजळपणाला आणू पाहतो. म्हणून पांढऱ्या कागदावरची माळ मळकट येते आणि तिथे उजळपणा वाढवावा लागतो. काळ्या कापडावर तो उतरवावा लागतो. फोनमध्ये दागिन्यावर बोट दाबून फोकस स्थिर करता येतो आणि पट्टी वर-खाली सरकवून हा बदल करता येतो.

छायाचित्रणाची पाश्चात्त्य पुस्तके उत्तरेकडच्या खिडकीचा सल्ला देतात, कारण तिथे ऊन थेट येत नाही. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारीही किंचित उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळी तो उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे इथल्या उत्तर खिडकीतही वर्षातले काही महिने ऊन शिरते. दुसरीकडे, त्याच काळातले पावसाळी ढग उजेड आपोआप मऊ करतात. श्रावण-भाद्रपदाच्या मालाचे फोटो ढगाळ सकाळी उरकणे सोयीचे. ऊन असेल त्या दिवशी खिडकीला पांढरा पडदा किंवा बटर पेपर लावला की तेच काम होते.

घरचा लाइटबॉक्स खोक्यातून बनतो. तीन बाजूंना चौकटी कापून त्यांवर बटर पेपर चिकटवायचा आणि आत चार्टपेपर मागून पुढे अलगद वळवून ठेवायचा, म्हणजे मागे कोपऱ्याची रेघ दिसत नाही. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावल्या निवळतात. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून टायमर लावला की हात हलत नाही.

रंग, माप आणि मागची बाजू

परत येणाऱ्या मालामागे पुष्कळदा रंगाची तक्रार असते. पिवळा बल्ब सुमारे २,७०० केल्विनचा, दुपारचा उजेड सुमारे ५,५००चा आणि घरातली पांढरी ट्यूब बहुधा ६,५००ची. दोन प्रकारचे उजेड मिसळले की एकाच माळेत दोन छटा येतात आणि त्या नंतर दुरुस्त होत नाहीत. म्हणून खिडकीच्या उजेडात फोटो काढताना घरातले दिवे बंद ठेवावेत. लहान खोलीत हिरवी किंवा गुलाबी भिंतही मोत्यावर आणि चकचकीत धातूवर उतरते. फोटो काढणाऱ्याच्या कपड्यांचा रंगसुद्धा उतरतो. दागिन्याशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून एक चित्र घेतले तर रंग जुळवायला आधार मिळतो.

काळी पोत चमकदार असते, तरी फोटोत ती काळ्या गोळ्यासारखी दिसते, कारण कॅमेऱ्याच्या बाजूने तिच्यात उजेडाचे प्रतिबिंब पडलेले नसते. उजेड मागून तिरका घेतला की प्रत्येक मण्यावर बारीक चमक उमटते आणि मणी सुटे दिसतात. फोन फार जवळ नेला तर मधले मणी मोठे आणि कडेचे अंधुक येतात. थोडे मागे सरून दुप्पट झूमच्या भिंगाने घेतलेले चित्र प्रमाणात येते. पोर्ट्रेट मोडमधला कृत्रिम धूसरपणा झुमक्याची तार आणि कडेचे मणी खाऊन टाकतो, तेव्हा तो टाळावा.

एका दागिन्याला किमान चार चित्रे लागतात: समोरून पूर्ण, जवळून वीण, मागची बाजू व हूक, आणि अंगावर घातलेला. मापासाठी शेजारी फूटपट्टी किंवा दहा रुपयांचे नाणे ठेवावे; त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो. नथ तारेची आहे की चापाची, हे मागच्या बाजूच्या चित्राशिवाय कळत नाही. ॲमेझॉनला मुख्य चित्र निव्वळ पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि वस्तूने ८५ टक्के चौकट व्यापलेले लागते. स्वतःच्या इन्स्टाग्रामवर पैठणीची घडी किंवा पाट चालतो, पण तिथेही रंग भडक करणारे फिल्टर अंगाशी येतात.

हिशेब आणि नियम

इमिटेशन दागिन्यांवर ३ टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला सर्वसाधारणपणे ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. पोर्टलवरून विकणाऱ्यांना मात्र पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागे. १ ऑक्टोबर २०२३पासून मर्यादेखालचे विक्रेते पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घेऊन पोर्टलवर राज्यांतर्गत विक्री करू शकतात. २०२०च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार पोर्टलवरच्या वस्तूचे वर्णन आणि चित्र प्रत्यक्ष मालाशी जुळले पाहिजे. काचेच्या मोत्याला मोती म्हणणे किंवा सोनेरी मुलाम्याच्या ‘वन ग्रॅम’ दागिन्यात सोन्याचा भास ठेवणे हे यात बसत नाही.

किमतीचा हिशेब बहुतेकदा चुकतो तो मजुरीत. समजा साहित्य १२० रुपये, दोन तासांची मजुरी १५० आणि पॅकिंग ३०, तर दागिना ३०० रुपयांना पडला. पोर्टलचे कमिशन आणि फोटोचा वेळ यात अजून आलेला नाही. दहांतला एक दागिना रंग वेगळा म्हणून परत आला आणि जाण्यायेण्याचा खर्च १२० रुपये झाला, तर प्रत्येक दागिन्यावर १२ रुपयांचा भार पडतो. खऱ्या रंगाचा फोटो हा भार वाचवतो, आणि त्याला खिडकी, कागद आणि थोडा धीर एवढेच लागते.

गिऱ्हाइकाचीही यात बाजू आहे. या दिवाळीत फोनवरून मण्यांचा दागिना घेताना लांबी सेंटिमीटरमध्ये विचारावी, मागच्या बाजूचे चित्र मागावे आणि तार कोणत्या धातूची ते विचारावे. उत्तरे चोख मिळाली, तर सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नये. त्या किमतीतला मोठा वाटा हाताच्या कामाचा असतो.