सर्व्हर बंद, तरी बीएमसी जागा

आज बोलूया बीएमसीबद्दल. नाही नाही, मुंबईची महापालिका नव्हे. बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर, म्हणजे सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसलेला एक छोटा, वेगळा कॉम्प्युटर. त्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःचा आयपी अ‍ॅड्रेस आहे. पॉवर केबल लावली की तो जागा होतो, मग मुख्य मशीन चालू असो वा नसो. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ. घरबसल्या सर्व्हर चालू-बंद करणं, बायोस बघणं, ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं, सगळं त्यातून होतं. स्क्रीन बघायला काही कंपन्या वेगळं लायसन्स मागतात, ते खरेदीच्या वेळीच विचारून घ्या.

आता गंमत बघा. ज्याच्या हातात बीएमसी, त्याच्या हातात अख्खा सर्व्हर. जुन्या डेल मशीनवर युजर रूट, पासवर्ड कॅल्विन, हे जगाला पाठ आहे. तो बदलाच, पण तेवढ्यानं भागत नाही. आयपीएमआय 2.0 हा 2004 सालचा प्रोटोकॉल लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच समोरच्याला पासवर्डचा हॅश देऊन टाकतो. तो घेऊन निवांत फोडत बसता येतं. ही चूक नाही, रचनाच तशी आहे, त्यामुळे पॅच येईल म्हणून वाट बघू नका. बीएमसी वेगळ्या व्हीएलॅनमध्ये ठेवा, बाहेरून यायचं तर व्हीपीएननंच. लॅनवरचं आयपीएमआय, म्हणजे यूडीपी पोर्ट 623, लागत नसेल तर बंद करा. नव्या मशीनवर त्यासाठी रेडफिश आहे.

सुपरमायक्रोवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. बऱ्याच बोर्डांवर लॅन मोड 'फेलओव्हर' असतो. मॅनेजमेंट पोर्टला केबल नसेल तर बीएमसी गुपचूप पहिल्या नेहमीच्या पोर्टवर जाऊन बसतो. तो पोर्ट इंटरनेटला जोडलेला असेल तर झालं कल्याण! मोड 'डेडिकेटेड' करा.

आता अलर्ट. सर्व्हरमध्ये दोन पॉवर सप्लाय असतात. एक गेला तरी मशीन सुरळीत चालतं, आणि तीच खरी पंचाईत. कुणाला पत्ताच लागत नाही, दुसरा जाईपर्यंत. रेडमध्ये एक डिस्क मेली तरी तसंच. म्हणून माझ्या यादीत पॉवर सप्लाय, डिस्क, पंखा, मेमरीतल्या वाढत्या ईसीसी एरर आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान एवढंच असतं. अ‍ॅश्रे 18 ते 27 अंश सेल्सिअस सुचवते. रविवारी ऑफिसचा एसी बंद झाला की हाच आकडा आधी ओरडतो. प्रत्येक लॉगिनचा मेल मात्र नको, आठवड्याभरात तुम्ही सगळेच मेल न वाचता उडवायला लागाल.

मेल न येण्याचं नेहमीचं कारण साधं असतं: बीएमसीला गेटवे किंवा डीएनएस दिलेलाच नसतो, किंवा त्या व्हीएलॅनमधून मेल सर्व्हरपर्यंत वाटच नसते. वेळही एनटीपीवरून लावा, नाहीतर लॉगमध्ये 1970 सालच्या नोंदी दिसतील. मग 'टेस्ट'चं बटण दाबा. त्यावर माझा पूर्ण भरवसा नाही. दुसरा सप्लाय ठीक आहे हे बघून, सांगूनसवरून एकाची केबल खरंच काढा आणि फोन वाजतो का बघा.

आणि अख्ख्या खोलीचीच वीज गेली तर? मग बीएमसीही गप्प. त्यासाठी बाहेरच्या एखाद्या मशीनवरून दर पाच मिनिटांनी त्याला हाक मारायची, आणि उत्तर आलं नाही की अलर्ट त्या मशीननं पाठवायचा.