कितवी रात्र?

"मॅडम, लवकर चला, मामांच्या अंगात आलंय!"

रात्रीचे दोन वाजलेले. पाय मोडून हाडांच्या वॉर्डात आलेले एक शेतकरी मामा चादरीवरच्या मुंग्या वेचत होते. मुंग्या नव्हत्याच. मधूनच ते बैलाला हाक मारायचे. नातेवाइकांनी अंगारा लावला होता, कॉटला लिंबू बांधलं होतं. सिस्टरनं एवढंच विचारलं, "शेवटची कवा घेतली?"

"पडले त्या सांजंला."

म्हणजे तिसरी रात्र. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, नाही ते दिसतं. उपचार झाले नाहीत तर जीवही जातो. मामांना ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन दिलं, शांत करणारी औषधं सुरू झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "हे लिंबू कुणाचं?" तेव्हापासून पेशंट बरळू लागला की आम्ही आधी हिशेब करतो, कितवी रात्र?

नांदेड-लातूरकडं समुपदेशनाचं काम करताना हा हिशेब माझ्या अंगवळणी पडला होता. देगलूरकडच्या एका पोरानं तो चुकवला. दारू बंद होऊन महिना उलटला तरी त्याच्या कानातले आवाज थांबेनात. व्यसनमुक्तीवाले म्हणायचे, आधी डोक्याचं दाखवा. डोक्याचे डॉक्टर म्हणायचे, आधी दारू सोडवून आणा. फाइल एसटीनं नांदेड-लातूर करत राहिली. शेवटी त्याची आई माझ्या टेबलापुढं बसली.

"बाई, लेकरू एकच हाय. त्याचे दोन आजार दोन गावांला कसे नेऊ?"

"मावशी, आधी काय आलं? दारू की आवाज?"

"आवाज. धाव्वीत होता तवा खिडकीला गोधडी लावून बसायचा. दारू मागून धरली, झोप यावी म्हणून."

एवढ्या जाड फाइलीत हे कुठंच नव्हतं. 'माहिती देणार' हा रकाना कोरा होता.

खरं तर महाराष्ट्रात हे दोन आजार एकाच आवारात नांदून झालेत. पुण्याचं 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता अवचट तिथल्याच मनोविकारतज्ज्ञ. अनिल अवचटांचे गर्दच्या व्यसनावरचे लेख वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्यासाठी एक लाखाची देणगी दिली. पुढं 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारू-ड्रग्जशी निगडित मनोविकार मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतले. तरी फाइली एसटीनं फिरतातच.

पोराचे दोन्ही उपचार एकाच फाइलवर सुरू झाले. आधीची औषधं लागू पडली नाहीत, तेव्हा क्लोझापिन दिलं. आवाज विरले. काही महिन्यांनी मात्र तो दिवसभर पेंगू लागला, लाळ गळू लागली. पुन्हा चोरून पितोय, असं सगळ्यांनी धरलं. मीसुद्धा.

"न्हाई बाई," मावशी म्हणाल्या, "उलट बिडीबी सोडली त्यानं. पंधरा दिस झाले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बिडीच्या धुरानं यकृत हे औषध भराभर संपवतं. धूर थांबला आणि तोच डोस जड झाला. डोस उतरवला, पोरगा जागा झाला.

त्या दिवशी मी फाइलीतला तो कोरा रकाना भरला. माहिती देणार : आई.