एका अंड्यात एकच शुक्राणू : समुद्री अर्चिनचं अंडं दार कसं बंद करतं?

पालघरजवळच्या शिरगावला लागूनच सातपाटी आहे, पापलेटसाठी प्रसिद्ध असलेलं. या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. या दिवसांत माशांना अंडी घालायला उसंत मिळावी, हा त्यामागचा हेतू. पापलेटसारख्या अनेक माशांमध्ये मादी अंडी आणि नर शुक्राणू थेट पाण्यात सोडतात. फलन होतं ते समुद्रातच.

इथे एक अडचण येते. एका अंड्याभोवती शेकडो शुक्राणू जमले, तर आत एकच कसा जातो? याचं सर्वात स्पष्ट उत्तर शास्त्रज्ञांना मिळालं ते समुद्री अर्चिन या काटेरी, गोल प्राण्याकडून.

अर्चिनच का?

अर्चिनची मादी लाखो अंडी सोडते. अनेक जातींमध्ये ती जवळजवळ पारदर्शक असतात. काचेच्या भांड्यात, समुद्राच्या पाण्यात अंडी आणि शुक्राणू एकत्र केले की पुढचं सगळं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. 1876 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी अर्चिनच्याच अंड्यात शुक्राणूचं आणि अंड्याचं केंद्रक एकत्र येताना पाहिल्याचं प्रसिद्ध केलं.

दोन शुक्राणू शिरले तर काय बिघडतं?

शुक्राणू गुणसूत्रांसोबत पेशीविभाजनाचं यंत्रही घेऊन येतो. दोन शुक्राणू आले की यंत्रंही दोन होतात. मग गुणसूत्रं दोन टोकांऐवजी तीन-चार टोकांकडे ओढली जातात आणि त्यांची वाटणी असमान होते. असा भ्रूण सहसा जगत नाही.

पहिली कडी : सोडियम

फलनापूर्वी अंड्याच्या पटलाची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत ऋणभारित असते, साधारण उणे 70 मिलिव्होल्ट. शुक्राणू चिकटताच पटलातले मार्ग उघडतात आणि समुद्राच्या पाण्यातले सोडियम आयन आत घुसतात. एक ते तीन सेकंदांत विद्युतदाब शून्याच्या वर, अधिक 20 मिलिव्होल्टच्या आसपास जातो. या दाबाला दुसरा शुक्राणू अंड्याशी एकजीव होऊ शकत नाही. 1976 मध्ये लॉरिंडा जॅफी यांनी हे प्रयोगाने दाखवलं. पाण्यातलं सोडियम कमी केलं, तर एकाच अंड्यात अनेक शुक्राणू शिरतात.

पक्कं कुलूप : कॅल्शियम

हा दाब मिनिटभरच टिकतो. तेवढ्यात दुसरी व्यवस्था कामाला लागते. अंड्यातल्या आंतर्द्रव्यजालिकेत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं. शुक्राणू जिथे शिरला, तिथून निघालेली ही लाट सुमारे अर्ध्या मिनिटात अंड्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचते. ती जाईल तिथे पटलाखालच्या हजारो सूक्ष्म पिशव्या फुटतात. त्यातली द्रव्यं अंड्यावरचं पातळ आवरण सुटं करून वर उचलतात आणि मग ते कडक करतात. साधारण मिनिटभरात अंड्याभोवती पारदर्शक कवच उभं राहतं. बाहेरचे शुक्राणू बाहेरच राहतात.

आणि मग अंडं जागं होतं

यानंतर अंडं सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन बाहेर टाकू लागतं. आतला सामू साधारण 0.4 ने वाढतो. आकडा लहान वाटतो, पण याचा अर्थ हायड्रोजन आयनांचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. आईने आधीच साठवून ठेवलेल्या आरएनएवरून प्रथिनं तयार होण्याचा वेग वाढतो, डीएनएची प्रत निघते आणि बऱ्याच जातींमध्ये दीड-दोन तासांत एका पेशीच्या दोन होतात.

माणसाशी याचा काय संबंध?

माणसाच्या अंड्यात सोडियमची ती झटपट कडी नसते. कॅल्शियम मात्र तेच काम करतं, फक्त एका लाटेऐवजी तासन् तास पुन्हा पुन्हा उसळून. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. तेव्हापासून हे उपचार महाराष्ट्रात गावोगावच्या जोडप्यांपर्यंत पोहोचले. त्यात कधी कधी शुक्राणू सुईने थेट अंड्यात सोडूनही फलन होत नाही. याचं एक कारण म्हणजे कॅल्शियमची ही उसळी न येणं. अशा निवडक जोडप्यांसाठी डॉक्टर अंड्यात कॅल्शियम वाढवणारं रसायन वापरून पाहतात.

मूल का होत नाही, याचा दोष आपल्याकडे अजूनही बहुतेक वेळा बाईच्या माथी मारला जातो. पण कॅल्शियमची लाट सुरू करणारं प्रथिन शुक्राणू घेऊन येतो. म्हणूनच तपासणी दोघांचीही व्हायला हवी.